रेकॉर्डिंग मध्येच अडकू नये म्हणून: कॉम्प्युटरवरचा भार कमी करण्याचे उपाय

आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांत आता गाणे घरच्या घरी रेकॉर्ड होते. कुणाचा नातू पेटी शिकतो आहे, कुणाच्या वाड्यातले भजनी मंडळ काकड आरती नोंदवून ठेवते आहे, कुणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेते आहे. त्यासाठी लागणारे साहित्यही फार नाही. एक लॅपटॉप, एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक-दोन माइक आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम एवढ्यावर काम भागते. त्यामुळे मंडळात ध्वनिमुद्रणाचे काम पाहणाऱ्या आम्हा तिघांकडे हल्ली गाण्याबद्दल कमी आणि कॉम्प्युटरबद्दल जास्त विचारणा होते. "मध्येच टकटक आवाज येतो", "गाणे तुटक ऐकू येते", "स्क्रीन थिजते", "प्रोग्राम आपोआप बंद होतो" अशा चारच तक्रारी फिरून फिरून येतात.

नातवाची पेटी बिघडली तर तो उद्या पुन्हा वाजवील. ऐंशी ओलांडलेल्या आजींचे तसे नाही. त्यांना कधी सूर लागतो, कधी दम पुरतो आणि कधी विसरलेली ओवी अचानक आठवते, हे कुणाच्या हातात नसते. माळव्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या घरांत अशा कितीतरी ओव्या, पाळणे आणि मंगळागौरीची गाणी आहेत, जी कागदावर कुठेच नाहीत. ऐन त्या वेळी लॅपटॉप अडकला तर "आजी, पुन्हा एकदा" असे म्हणता येते, पण पहिल्यासारखे पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. असे झाले की घरचे लोक नवा लॅपटॉप घ्यायला निघतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. आवाज नोंदवणे आणि नोंदवलेला आवाज सजवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकाच वेळी करायला लावली की साधा लॅपटॉप दमतो. वेगवेगळी केली तर पाच-सात वर्षांचा जुना लॅपटॉपही पुरतो.

आवाज तुटतो का?

कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही. सेकंदाला ४८,००० किंवा ४४,१०० वेळा आवाजाचे मोजमाप घेतो. अशा एका मोजमापाला सॅम्पल म्हणतात. ही सॅम्पल एकेक करून न हाताळता तो त्यांचे गठ्ठे बांधतो. एका गठ्ठ्यात किती सॅम्पल असावीत, त्या आकड्याला बफर साइझ म्हणतात. बफर २५६ असेल आणि सेकंदाला ४८,००० सॅम्पल असतील, तर एका गठ्ठ्याचा सगळा हिशेब करायला प्रोसेसरला साधारण ५.३ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाचा सुमारे एकशे नव्वदावा भाग. त्या वेळात काम झाले नाही की पुढचा गठ्ठा दारात उभा राहतो आणि आवाजात खळ पडतो. आपल्याला ऐकू येणारी टकटक ती हीच.

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३० टक्केच दिसतो, तरी आवाज तुटतो. हे कसे? बँकेत काम केलेल्यांना हे लगेच पटेल. दिवसभराची सरासरी काढली तर रोखपाल निम्मा वेळ मोकळा दिसेल, पण पेन्शनच्या दिवशी सकाळी अकरा वाजता खिडकीपुढे रांग लागते ती लागतेच. टास्क मॅनेजर सरासरी सांगतो, आणि आवाज अडतो तो त्या एका क्षणाच्या रांगेमुळे.

दुसरे असे की आजच्या प्रोसेसरमध्ये चार, सहा, आठ कोअर असतात, पण एका ट्रॅकवर ओळीने लावलेले इफेक्ट त्यांच्यात सहसा वाटून देता येत नाहीत. चेक आधी कारकुनाकडे, मग पासिंग ऑफिसरकडे आणि मग रोखपालाकडे जातो. शाखेत रोखपाल चार असले म्हणून तो एक चेक चौपट वेगाने वटत नाही. तसेच एकाच ट्रॅकवर सात-आठ जड इफेक्ट लावले की एक कोअर पुरता अडकतो आणि बाकीचे बसून राहतात. म्हणून टास्क मॅनेजरपेक्षा रेकॉर्डिंग प्रोग्राममधला मीटर पाहावा. आम्ही रीपर हा प्रोग्राम वापरतो. त्याच्या व्ह्यू मेनूत परफॉर्मन्स मीटर आहे आणि कोणता ट्रॅक किती भार घेतो आहे ते तो ट्रॅकवार दाखवतो. आधी तो उघडून बघावा, मग उपाय करावा.

बफर किती ठेवावा?

बफर लहान ठेवला तर आवाज कॉम्प्युटरमधून चटकन परत येतो, पण प्रोसेसरला वेळ कमी मिळतो. मोठा ठेवला तर प्रोसेसरला उसंत मिळते, पण आवाज उशिरा येतो. ४८,००० च्या दराने एका गठ्ठ्याला लागणारा वेळ असा: १२८ ला २.७ मिलिसेकंद, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १०२४ ला २१.३. आवाज आत येताना एक गठ्ठा आणि बाहेर जाताना एक, म्हणून उशीर निदान दुप्पट धरावा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या माणसाला ऐकण्यासारखा झाला. त्याच्या पुढे गेले की हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून येतोय असे पुष्कळ गायकांना वाटू लागते आणि ताल सुटतो.

म्हणून सर्रास सल्ला मिळतो की रेकॉर्डिंगच्या वेळी बफर ६४ किंवा १२८ ठेवा. गाणाऱ्याला कॉम्प्युटरमधून फिरून आलेला आवाज ऐकवायचा असेल, किंवा कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधले वाद्य वाजवायचे असेल, तर तो सल्ला बरोबर आहे. पण आपल्याकडे बहुतेक वेळा काय असते? एक गळा, एक पेटी, एक तबला, नाहीतर नुसत्या टाळ्या. त्यासाठी आवाज कॉम्प्युटरमधून फिरवून आणायचे काहीच कारण नाही.

बहुतेक यूएसबी इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटण किंवा फिरवायची खुंटी असते. ती चालू केली की माइकचा आवाज इंटरफेसमधूनच थेट हेडफोनमध्ये जातो, उशीर जवळजवळ राहत नाही. त्याच वेळी प्रोग्राममधले त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करावे, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. एवढे केले की बफर खुशाल ५१२ किंवा १०२४ ठेवता येतो. आजीच्या ओव्या घेताना तर हेडफोनचीही गरज नसते. त्यांना तो कानावर नकोच असतो. मग लहान बफरचा ताण लॅपटॉपवर टाकायचा तरी कशाला? या एका बदलाने आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तिथल्या तिथे मिटल्या.

रीपरमध्ये बफर बदलायला ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस असे जावे. विंडोजवर तिथे ऑडिओ सिस्टिम म्हणून एसिओ निवडावे आणि इंटरफेससोबत कंपनीने दिलेला एसिओ ड्रायव्हर घ्यावा. कंपनीचा ड्रायव्हर नसेल तर एसिओ-फोर-ऑल नावाचा फुकट मिळणारा ड्रायव्हर कामचलाऊ म्हणून चालतो. ॲपलच्या कॉम्प्युटरवर ही सोय मुळातच असते, तिथे फक्त बफरचा आकडा पाहावा.

भार येतो कुठून?

नुसता आवाज नोंदवणे हे प्रोसेसरला अगदी हलके काम आहे. भार येतो तो प्लगइनमुळे. प्लगइन म्हणजे प्रोग्रामला जोडायचे छोटे प्रोग्राम, जसे घुमारा देणारा रिव्हर्ब, आवाज सारखा करणारा कॉम्प्रेसर, खरखर काढणारे, आणि सॉफ्टवेअरमधली वाद्ये. यांपैकी रिव्हर्ब, खरखर काढणारे प्लगइन आणि वाद्ये ही सर्वांत जड असतात.

पहिला नियम: रेकॉर्डिंग चालू असताना यांतले काहीही लावू नये. घुमारा नंतर देता येतो, काढताही येतो. नोंदवताना कोरा आवाज घ्यावा.

दुसरा नियम: एकच रिव्हर्ब सगळ्यांत वाटून द्यावा. भजनी मंडळाचे आठ ट्रॅक असले की बरेच जण आठही ट्रॅकवर वेगवेगळा रिव्हर्ब लावतात. त्याऐवजी एक निराळा ट्रॅक करून त्यावर एकच रिव्हर्ब लावावा आणि आठही ट्रॅकमधून त्याच्याकडे थोडा थोडा आवाज पाठवावा. याला सेंड म्हणतात. आठ रिव्हर्बचे काम एकावर येते, शिवाय सगळे गायक एकाच देवळात बसल्यासारखे वाटतात.

तिसरा नियम: जड ट्रॅक फ्रीझ करावा. समजा, तानपुरा सॉफ्टवेअरमधल्या वाद्याचा आहे. तो प्रत्येक वेळी नव्याने घडवला जातो आणि प्रोसेसर व मेमरी दोन्ही अडवून ठेवतो. सूर एकदा ठरला की तो ट्रॅक फ्रीझ करावा. प्रोग्राम त्याची साधी ऑडिओ फाइल करतो आणि वाद्य बाजूला ठेवतो. पुढे पट्टी बदलायची झाली तर अनफ्रीझ करता येते. रीपरमध्ये ट्रॅकवर उजवी क्लिक केली की रेंडर/फ्रीझचा पर्याय सापडतो. क्यूबेस, लॉजिक आणि एबलटन लाइव्ह यांतही ही सोय फ्रीझ याच नावाने आहे.

चौथा नियम: ज्या ट्रॅकचे रेकॉर्डिंग झाले त्याचे लाल बटण बंद करावे. रीपर बाकीच्या ट्रॅकचा हिशेब थोडा आगाऊ करून ठेवतो. पण लाल बटण दाबून ऐकत असलेल्या ट्रॅकचा हिशेब त्याला त्या क्षणीच करावा लागतो. दहा ट्रॅकची लाल बटणे विनाकारण चालू राहिली की तेवढी रांग वाढते.

पाचवा नियम: सॅम्पलचा दर उगीच वाढवू नये. ९६,००० ठेवला की काम दुप्पट आणि फाइलही दुप्पट. माणसाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि वयानुसार ती मर्यादा खाली येत जाते. घरगुती कामाला ४८,००० आणि २४ बिट हे प्रमाण पुष्कळ झाले. काही प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग नावाची कळ असते. तीही काम चालू असताना बंद ठेवावी आणि शेवटची फाइल काढताना लावावी.

सजावट करायला बसलो, म्हणजे मिक्सिंग सुरू झाले, की बफर १०२४ किंवा त्याहून मोठा ठेवायला हरकत नाही. त्या वेळी उशीर झाला तरी कुणाचा ताल चुकत नाही.

लॅपटॉपची देखभाल

आपल्या इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून आपण पंखा बंद करतो. लॅपटॉप गादीवर ठेवलेला असतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि वीस मिनिटे छान चाललेले रेकॉर्डिंग एकविसाव्या मिनिटाला तुटू लागते. अशी तक्रार आली की आम्ही आधी लॅपटॉप कशावर ठेवला होता ते विचारतो. तो लाकडी पाटावर किंवा स्टँडवर ठेवावा, खालची जाळी मोकळी राहू द्यावी आणि वर्षातून एकदा आतली धूळ काढून घ्यावी. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग सकाळी लवकर घ्यावे. म्हाताऱ्या गळ्यालाही ती वेळ चांगली.

चार्जर जोडलेला असावा, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग कमी करतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स निवडावे आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे, नाहीतर विंडोज वीज वाचवायला इंटरफेसचेच पोर्ट झोपवू शकते. इंटरफेस लॅपटॉपच्या पोर्टमध्ये थेट लावावा, स्वस्त हबमधून नको. ब्लूटूथ हेडफोनला स्वतःचाच मोठा उशीर असतो, म्हणून वायरचा हेडफोन घ्यावा.

वायफायचा ड्रायव्हर हा आवाजातल्या टकटकीचा एक नेहमीचा गुन्हेगार आहे. त्याला प्रोसेसर मध्येच थांबवण्याचा अधिकार असतो. रेकॉर्डिंगपुरता विमान मोड लावला की वायफाय, ब्लूटूथ आणि मागे चालू असलेली फाइलींची देवाणघेवाण एकदमच थांबते. इतके करूनही टकटक राहिली तर लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम काही मिनिटे चालवून पाहावा. कोणता ड्रायव्हर अडथळा करतो आहे त्याचे नावच तो दाखवतो. रेकॉर्डिंगचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावे. सगळा अँटिव्हायरस बंद करून ठेवू नये.

प्रोग्राम आपोआप बंद होत असेल तर

भार जास्त झाला तर सहसा आवाज तुटतो. प्रोग्राम एकदम बंद होतो तेव्हा बहुधा एखादे प्लगइन बिघडलेले असते. जुने ३२ बिट प्लगइन, कुठूनतरी उतरवून घेतलेले चोरीचे प्लगइन आणि अर्धवट अपडेट झालेले प्लगइन यांवर आधी संशय घ्यावा.

प्रोजेक्ट उघडतानाच प्रोग्राम बंद पडत असेल तर रीपरच्या ओपनच्या खिडकीत इफेक्ट ऑफलाइन ठेवून उघडण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. ट्रॅक सगळे येतात, प्लगइन मात्र झोपलेले राहतात. मग दोषी शोधायचा तो ट्रायल बॅलन्समधला फरक शोधतात त्या रीतीने. निम्मी प्लगइन चालू करून पाहावे. बंद पडले तर दोषी त्या निम्म्यात, नाही तर दुसऱ्या निम्म्यात. पुन्हा त्याचे निम्मे. सोळा प्लगइन असली तरी चार खेपांत एकावर येता येते. ते प्लगइन काढता येत नसेल तर रीपरमध्ये ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येते. मग कोसळले तरी ते एकटे कोसळते, प्रोग्राम चालू राहतो.

आणि बंद पडलाच तर?

घाबरून लगेच पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करू नये आणि काही डिलीट तर मुळीच करू नये. रेकॉर्डिंग चालू असताना आवाज डिस्कवर सतत लिहिला जात असतो. म्हणून प्रोग्राम गेला तरी तोपर्यंतची फाइल बहुधा फोल्डरमध्ये असते. ती शून्य लांबीची दिसली किंवा उघडत नसली तरी तिचा आकार पाहावा. ४८,००० दर, २४ बिट, एक माइक या हिशेबाने मिनिटाला साधारण ८.६ एमबी होतात. फाइल ८६ एमबींची असेल तर दहा मिनिटांचे गाणे आत आहे, फक्त तिच्या माथ्यावरची नोंद पूर्ण झालेली नाही. अशा फाइलची आधी एक प्रत काढावी. मग ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये इंपोर्ट, रॉ डेटा असे जाऊन २४ बिट, मोनो, ४८,००० हे आकडे भरले की बहुतेक वेळा आवाज जसाच्या तसा मिळतो. सुरुवातीला एक बारीक टक ऐकू येते, ती कापून टाकावी. एका सभासदांच्या घरच्या पाळण्याची फाइल आम्हाला अशीच परत मिळाली. घरच्यांनी ती गेली म्हणून सोडून दिली होती.

रेकॉर्डिंगच्या आधीची दहा मिनिटे

माणसे जमण्यापूर्वी पुढची यादी पुरी करावी. आम्ही ती छापून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

१. लॅपटॉप नव्याने सुरू केला, ब्राउझर बंद, विमान मोड चालू, चार्जर जोडलेला.
२. विंडोज अपडेट त्या दिवसापुरते थांबवलेले.
३. डिस्कवर जागा किती ते पाहिले. दोन माइकचे एक तासाचे रेकॉर्डिंग साधारण १ जीबी होते.
४. प्रोजेक्टला नाव देऊन आधी सेव्ह केले. आधी सेव्ह न केल्यास फाइली भलत्याच फोल्डरमध्ये जातात.
५. ऑटोसेव्ह चालू, दर पाच मिनिटांनी.
६. बफर ५१२ किंवा १०२४, डायरेक्ट मॉनिटर चालू, ट्रॅकवर एकही प्लगइन नाही.
७. पाच मिनिटांचे कोरे रेकॉर्डिंग घेऊन, थांबवून, पुन्हा ऐकले.
८. मोबाइलचा व्हॉइस रेकॉर्डर विमान मोडमध्ये बाजूला चालू ठेवला.

आठवा मुद्दा वाचून तरुण मंडळी हसतात. पण लॅपटॉप रुसला तर मोबाइलमधला साधा आवाजही मोलाचा ठरतो. आणि गाणे झाल्याबरोबर, चहा येण्याआधी, फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर घ्यावी. सजावट, घुमारा, खरखर काढणे हे सगळे पुढच्या आठवड्यातही करता येईल.

ज्यांच्या घरी अजून अशी गाणारी वडीलधारी मंडळी आहेत त्यांनी नवा लॅपटॉप येण्याची वाट पाहत बसू नये. आहे त्याच लॅपटॉपवर बफर वाढवावा, प्लगइन काढावीत आणि येत्या रविवारी सकाळी माइक मांडावा.